खाटेची चौकशी

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. तू, वहिनी आणि मुलं खुशाल आहात असं धरून चालतो (कळवायला तुला सवड नसते, म्हणून धरूनच चालावं लागतं). इकडे माझी कंबर सोडली तर सगळं जागच्या जागी आहे. आई तर खाटेवरून हललेलीच नाही.

पत्रास कारण, आमची संस्था मिटली. आजाऱ्यांना खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या फुकट वापरायला देणारी संस्था. पण सभासदच म्हातारे झाले आणि एकेक जण आपल्याच कुबड्या घेऊन घरी बसला. शेवटच्या सभेला चिटणीस म्हणून मी, खजिनदार आणि खजिनदारांची डुलकी एवढेच हजर होतो. नियम असा की, संस्था बंद झाली तर सामान तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यायचं, सभासदाला त्यातला चमचाही नाही. नियम चांगलाच आहे, नाहीतर खजिनदारांनी कपाट केव्हाच घरी नेलं असतं.

मग मी सामान गोळा करायला निघालो. नेताना पाया पडलेली माणसं परत मागताना ओळख दाखवीनात. एका घरी चालायच्या चौकटीवर ओले टॉवेल वाळत होते. शिंप्यानं वडिलांसाठी चाकांची खुर्ची नेली होती. ते बिचारे कधीच गेले, आता तिच्यात कापडाचे गठ्ठे बसून दुकानभर फिरतात. खुर्ची मागितली तर म्हणाला, माझा सदरा अजून त्याच्याकडे शिवायला आहे हे विसरू नये. (सदरा अजून मिळालेला नाही.) ती खुर्ची ढकलत आणताना वाटेत कंबर धरली, म्हणून घटकाभर तिच्यातच टेकलो, तर एका भल्या बाईंनी मला रस्ता ओलांडून दिला. मला पलीकडे जायचंच नव्हतं.

एवढं करून सगळं सामान पोचतं केलं. राहिली एक खाट, आईच्या अंगाखालची. डोक्याकडची बाजू वर उचलल्याशिवाय तिला श्वास पुरत नाही, आणि तशी खाट विकत घेणं माझ्या आवाक्यातलं नाही. नव्या संस्थेचा कारकून बघायला आला. भला माणूस. दारातच थबकला, आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "असू द्या सध्या. रिकामी झाली की कळवा."

खाट रिकामी कशी होणार, ते आम्हा दोघांनाही कळलं. मी काही कळवीना, तेव्हा तो दर सोमवारी फोन करून विचारू लागला. आई कशी आहे, जेवते का, झोप लागते का. मला आधी फार राग यायचा. नंतर मीही सविस्तर सांगू लागलो, कारण दुसरं कोणी विचारत नव्हतं.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : खाटेची काळजी करू नकोस (केली असलीस तर). त्या संस्थेला कुणीतरी नव्याकोऱ्या खाटा दिल्या, आता आमची जुनी त्यांना नको आहे. यापुढे फोन करून त्रास देणार नाही, असं कारकुनानं सांगितलं. पैसे पाठवू नयेत.

पुन्हा ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. पहिल्या सोमवारी फोन ठेवला तेव्हा आईनं विचारलं, "मोठ्याचा होता का रे?" माझ्या तोंडून हो गेलं, आणि पुढे ते मोडवेना. सोमवारी ती सकाळीच वेणी घालून घ्यायची. आता फोन येत नाही, तर तुझंच काहीतरी दुखत असेल म्हणून ती जेवत नाही. दादा, सोमवारी फोन कर. काय बोलावं ते सुचलं नाही, तर कारकुनाचा नंबर खाली दिला आहे. आईचं सगळं त्याला ठाऊक आहे.