एकोणीस नळांचे नमुने

३ मार्च, सकाळी ७
ही माहेरी जाऊन बारा दिवस झाले. कावीळ उतरली म्हणे, तरी येत नाही. कारण उघड आहे. घरच्या पाण्यावरचा हिचा विश्वास उडालाय. सव्वीस वर्षं शहराला शुद्ध पाणी पाजणाऱ्या माणसाच्या बायकोलाच कावीळ! लोक तोंडात शेण घालतील. संकल्प: पाणी असं करायचं की आठवड्यात ही घरी.

४ मार्च
नळाचं पाणी तपासलं. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकताच पिवळं. क्लोरीन पुरेसा. हे मी तेव्हाच सिद्ध केलं होतं. ही तापाने फणफणली होती तेव्हा तीन दिवस वणवण करून घरातले नि गल्लीतले एकोणीस नळ तपासले. सगळे पास. मेहुण्याला तक्ताही दाखवला. तो तक्ता बाजूला सारून हिला गाडीत बसवून घेऊन गेला. एवढा शिकलेला माणूस, पण आकड्यांची कदर नाही.

७ मार्च
यूव्ही दिवा बसवला. जंतूंचा खेळ खलास. मुलीला फोन करून सगळं समजावलं. ती म्हणाली, बाबा, आधी आईची तब्येत तरी विचारा. विचारणारच होतो, पण ओझोनचं सांगायचं राहिलं होतं.

९ मार्च
दिवा उडाला. हरकत नाही, उकळणं सर्वांत खात्रीचं. एक मिनिट पुरतं, मी वीस मिनिटं ठेवलं. नोंदी लिहिता लिहिता पातेलं करपलं. हिचं लाडकं. पाणी करपतं हे कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून नोंद केली नाही.

१२ मार्च
ब्लीचिंग पावडरचा अंदाज जरा चुकला. चहाला पोहण्याच्या तलावाचा वास. तरी प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं. क्लोरीनमुळे.
घर खायला उठतं.

१५ मार्च
उद्या ही येतेय! मेहुणा म्हणाला, अर्धा तास, फक्त कपडे न्यायला. म्हणू दे. टाकी घासली. तक्ता भिंतीवर लावला.

१६ मार्च, दुपारी ३
आली. फार वाळलीय. मी तक्ता समजावत होतो. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, नळाखाली पेला धरला आणि उभ्या उभ्या प्यायली. म्हटलं, अगं थांब, उकळलेलं आहे ना.
ती म्हणाली, "पाण्याला मी कधी नावं ठेवली? तापात तीन दिवस पेलाभर मागत होते. तुम्ही बाटल्या घेऊन फिरत होतात."
बॅग भरली. जाताना म्हणाली, जेवत जा वेळेवर.

दुपारी ४.१५
मला कसं ऐकू आलं नाही? शक्यच नाही. ऑफिसची वही काढली. त्या तीन दिवसांचं पान. नळ क्रमांक एक, आमचंच स्वयंपाकघर, सकाळी ९.१०. शेरा: 'आतून दोनदा हाक. नमुना चालू असल्याने गेलो नाही.'
अक्षर माझंच आहे.