चंद्रपूरचा नवरा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय अंबू,

तुझं पत्र पोचलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलंब्रीला बाबांकडे जाऊ का, असं विचारलंयस. तिथं त्यांची ती ‘ये ये’ म्हणते, वर कूलरही घेतलाय म्हणे. मी दोनदा वाचलं आणि घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून दिलं. लगेच उत्तर लिहायला हवं होतं, पण कंपनीतून आले की हात उचलत नाही. दिवसभर गोळ्यांची पाकिटं भरायची, घरी येऊन वरणभात टाकायचा, आडवं व्हायचं. दुःख म्हणशील तर तेही नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात, मग गालावर चापट मारली तरी कळत नाही बघ, तसं माझं चाललंय. हॉस्टेलच्या फोनवर हे सांगता येत नाही, तुझ्या मागं पोरींची रांग असते.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बायका सिनेमाला गेल्या होत्या. बायकांसाठी खास दुपारचा खेळ होता. घरमालकीण मनकर्णाबाई पुढाऱ्यासारख्या सगळ्यांत पुढं. माझी सुट्टी होती, मलाही ओढून नेलं. फारकत झालेल्या बाईचा सिनेमा. नवरा सोडतो, ती रडते, मग खानावळ काढते आणि शेवटी स्वतःची मोटार चालवत घाटातून जाते. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून मुसमुसत होत्या. मी मात्र बघत होते की एवढी मोठी खिडकी असलेली खोली हिला कुणी दिली बाई! मला तर ही खोली मिळेपर्यंत चपला झिजल्या. एकट्या बाईला देत नाही, हे सगळीकडं ठरलेलं. मनकर्णाबाईंनी शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली होती, ती मी एकटीनंच संपवली.

ही खोली मला कशी मिळाली, ते तुला माहीत नाही. गेल्या वर्षी पहिल्या महिन्यात मी कंपनीतल्या द्वारकाबाईच्या ओळखीवर इथं तात्पुरती राहत होते. मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, संक्रांतीनंतर बघू. तेवढ्यात त्यांच्याकडं हळदीकुंकू आलं. मी दाराजवळ बसले होते. एकेकीला नाव घ्यायला लावत लावत पाळी माझ्यावर आली. आणि अंबू, माझ्या तोंडातून तो उखाणा आपोआप बाहेर पडला. तोच, तू परकर नेसून नाचत म्हणायचीस तो. दौलताबादच्या किल्ल्याला अंधारी वाट, मधुसूदनरावांचं नाव घेते, धरते वाणाचं ताट. फारकतीचा कोर्टाचा कागद पेटीत होता आणि मी नाव घेऊन मोकळी झाले. सवय म्हणतात ती हीच. कुणीतरी विचारलं, कुठं असतात? दुसरीच म्हणाली, नोकरीला बाहेरगावी असतील. मी मान हलवली. कुठल्या गावी, म्हटल्यावर चंद्रपूर म्हणून गेले, ते लांब आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी खोली पक्की झाली.

मग त्या चंद्रपूरच्या माणसाला पोसणं आलं. त्याला रजा मिळत नाही, त्याचं पोट बिघडलं, सगळं मीच सांगायची. खरा नवरा एवढा त्रास देत नव्हता गं. आणि दिवाळी आली. पाडव्याला तो यायला हवा, नाहीतर मी तरी जायला हवं. तू आली असतीस तर गल्लीनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, बाबा कधी येणार? तुला खोटं बोलायला लावणं मला जमलं नाही. म्हणून कळवलं की कंपनीत दुहेरी पाळी आहे, येऊ नकोस. कुलूप लावून मी द्वारकाबाईकडं जाऊन पडले. तू हॉस्टेलच्या रिकाम्या खोलीत दिवाळी काढलीस. ते मला फार लागलं. तेवढं एक लागलं.

तर सिनेमाहून परत आलो. मनकर्णाबाई अंगणातल्या नळावर पाय धूत होत्या, डोळे अजून लाल. म्हणाल्या, लई सोसलं त्या बाईनं. मी म्हटलं, माझीपण फारकत झालीय, चंद्रपूरला कुणी नाही. त्यांनी नळ बंद केला.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “परगावच्या माणसाची बायको पोस्टमन आला की उठती. तू कधी उठली नाय. पण ऱ्हाऊ दे बाई त्याला चंद्रपुरात. तुझं काय जातंय? गल्लीचं तोंड बंद हाय तवर बंद ऱ्हाऊ दे.”

त्या वाईट नाहीत. रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला त्यांनी. पण सिनेमातल्या बाईसाठी पदर भिजवणारी बाई मला म्हणते, तू नवरा ठेव. मी भाकरी खाल्ली आणि झोपले. सकाळी तुझं पत्र आलं.

काल त्यांच्याकडंच हळदीकुंकू होतं. पुन्हा नाव घ्यायची पाळी आली. मी म्हटलं, माझी फारकत झालीय, मी नाव घेणार नाही. त्यांच्या सुनेच्या हातात हळदीकुंकवाची कुयरी होती, ती तशीच राहिली. मनकर्णाबाई जमिनीकडं बघत बसल्या. समोरच्या भागूबाई तेवढ्या बोलल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं भीडही कमी. लेकरू हाय का, म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगी आहे, परभणीला शिकते. मग तिचं घे की, म्हणाल्या. मला जुळवायला काही सुचेना. मी नुसतं ‘अंबिका’ म्हटलं. बायका पुढचं ऐकायला थांबल्या, पण पुढचं काही येईना, मीच पदर तोंडाला लावला. कितीतरी महिन्यांनी, अंबू. सुनेनं मला हळद लावली, कुंकू लावलं नाही. वाण म्हणून चहाची गाळणी दिली.

मनकर्णाबाई खोलीचं अजून काही बोलल्या नाहीत. बोलतीलही. मग दुसरी शोधीन, नाहीतर द्वारकाबाईच्या ओट्यावर दोघी झोपू. कूलर काही माझ्याकडं नाही. फुलंब्रीला जावंसं वाटलं तर जा, बाप आहे तो तुझा, मी रागावणार नाही. पण माझ्याकडं यायला आता काही आड येत नाही, एवढंच सांगायला हे लिहिलं. आधी इथं ये. पॅसेंजर मुकुंदवाडीला थांबते, मी स्टेशनवर येईन. गल्लीतून येताना ओट्यावरच्या बायका विचारतील, बाबा कुठं असतात गं? मान खाली घालू नकोस. सरळ सांग, फुलंब्रीला असतात, त्यांच्या बायकोजवळ.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
आई