आर्विडदादाचा पूल आणि लाल भिंत

प्रिय मर्नावहिनींना लेलँडचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल आणि माझ्या गाई तुमचं ऐकत असतील, अशी आशा धरतो. (डोरिस लाथ मारते, पण माणूस बघून मारते.)

आर्विडदादा गेल्यावर उरलेल्या मुदतीसाठी राज्यपालांनी मला विधानसभेतल्या त्याच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची त्याच्या मापाची, माझे पाय जमिनीला जेमतेम टेकायचे. काम एकच होतं, त्याचं अर्धवट राहिलेलं पुलाचं विधेयक. शाळेची बस अजून ओढ्याला वळसा घालून बर्फातून जाते, आणि त्या पुलासाठी दादा कुणाकुणाच्या हातापाया पडला, हे तुम्ही पाहिलंय.

काल ते मांडलं. तुम्ही लिहून दिलेलं भाषण वाचलं, घाम पुसला आणि मतदान सुरू झालं. तिथे भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे दिवा लागतो. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. वहिनी, अख्खी भिंत लाल! शेजारच्या बाकावरचा डेल्बर्ट प्रुशासुद्धा लाल (दादाच्या अंत्यविधीला तुमच्या हातचं बटाट्याचं सॅलड मागून मागून खाणारा तोच).

माझं डोकं फिरलं. उभा राहून ओरडलो, "लाज वाटू द्या! मेलेल्या माणसाचा पूल बुडवताय? घाला चुलीत तुमची आमदारकी!" कोटावरचा बिल्ला सभापतींच्या मेजावर आपटला, राजीनामा दिला म्हणून जाहीर केलं आणि तरातरा निघालो. दारात डेल्बर्टने मागून कॉलर धरली. "अरे गाढवा, मागे बघ की!"

भिंत हिरवीगार होती. नव्या सदस्याच्या पहिल्या विधेयकाला आधी सगळ्यांनी लाल दाबायचं, त्याचा चेहरा बघून पोटभर हसायचं आणि मग मत बदलायचं, अशी म्हणे तिथली जुनी रीत. (दादा हे कधी बोलला नाही. त्याचाही असाच पोपट झाला असणार.)

मग सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. त्या माझ्यासाठी नव्हत्या, वहिनी. मी दाराला धरून रडलो आणि डेल्बर्टने स्वतःचा रुमाल दिला. या लोकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुमचा,
लेलँड

ता. क. सभापती म्हणाले, राजीनामा आम्ही ऐकलाच नाही. मी म्हटलं, ऐका. मला आपल्या गाईच बऱ्या.

आणखी एक ता. क. दादाची भाषणं कोण लिहायचं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. रिकाम्या खुर्चीसाठी मी राज्यपालांना तुमचं नाव सांगून आलोय. रागवा, पण नाही म्हणू नका.

आणि पहिल्याच दिवशी भिंत लाल झाली, तर उठू नका. जरा थांबा.