बसलो

रविवार, ३

आलो एकदाचा! बॅग पलंगाखाली सरकवली, खिडकी उघडली आणि आधी ही वही काढली. लेकीने निघताना हातात कोंबली होती. बाबांनी रोज काय केलं ते लिहायचं आणि घरी आल्यावर तिला वाचून दाखवायचं, असा हुकूम आहे. तर ऐका बाईसाहेब. खोली कारखान्याच्याच आवारात आहे, लहान पण स्वच्छ. पलंग कुरकुरतो, पण तुझा बाबा घोरतो, तेव्हा फिट्टंफाट.

जुन्या कारखान्याने आम्हाला घरी बसवलं, तेव्हापासूनचे दिवस मलाच ठाऊक. काचेच्या बाटल्या नजरेने तपासायचं माझं काम आता कॅमेरा करतो. कॅमेऱ्याला चहा लागत नाही, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. नंतर जिथे गेलो तिथे आधी माझं वय विचारलं. ही तोंडाने काही बोलत नसे, पण मी दुपारी घरात दिसलो की भांडी जरा जोरात ठेवली जायची.

आणि अचानक मामांचा फोन. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या कारखान्याचे मामा. हे काम मला त्यांनीच शिकवलं. माझं लग्न जमवण्यातही तेच मध्ये होते. नोकरी त्यांचीही गेली, पण त्यांना इथे लागली. म्हणाले, इथे अजून माणसाच्या डोळ्यांवर भरवसा आहे, पगारही बरा आहे. मी सोडतोय, माझी जागा तुला देतो, ये. असा माणूस पाठीशी असल्यावर मला काय कमी!

सोमवार, ४

पहिला दिवस झकास. उजळलेल्या पडद्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकतात आणि आपण स्टुलावर बसून तडा, बुडबुडा, वाकडं तोंड हेरायचं. खोड दिसली की बाटली बाजूला. बाकी डोळे हलवायचे नाहीत.

मामा मात्र फार वाळलेत. तो त्यांचा जुना खोकला, दोन आखूड आणि एक लांब, तेवढा तसाच आहे. आता मामी खूश होतील म्हटलं, तर म्हणाले, तिचं घर भरलेलं आहे. मला काही कळलं नाही. पट्ट्याच्या आवाजात मीही पुन्हा विचारलं नाही.

जागा बदलायची आमच्या कामात एक रीत आहे. स्टूल क्षणभरही रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर फुटकी बाटली निसटते. म्हणून उठणारा अर्धवट सरकतो, येणारा टेकतो. उठणाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलास का म्हणून विचारायचं, आणि येणाऱ्याने बसलो म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय उठणारा सुटत नाही. मामांनीच ही सवय लावली होती. आजही त्यांनी विचारलं, आणि मी बाटल्यांवरची नजर न काढता बसलो म्हटलं.

खांद्यावरचा हात बराच वेळ तिथेच राहिला. बिचाऱ्यांना भरून आलं असावं. मागे वळून बघायची सोय नव्हती.

बुधवार, ६

काम अंगवळणी पडतंय. शेजारच्या स्टुलावरचे म्हातारबुवा दिवसभर मान वळवत नाहीत, सुट्टीतसुद्धा भिंतीकडे बघून जेवतात. मी दोन विनोद करून पाहिले, मग नाद सोडला.

मामा डबा आणि चष्मा विसरून गेलेत. चष्म्याशिवाय त्यांना बसवरची पाटी वाचता येत नाही. गेले कसे, कोण जाणे.

घरी फोन केला. हिने कोण बोलतंय म्हणून विचारलं. तुझा नवरा, म्हटलं. तिने फोन ठेवला. बहुधा लाइन खराब असावी.

शुक्रवार, ८

आज फोन लेकीने उचलला. बाबा बोलतोय म्हटल्यावर खुदकन हसली. म्हणाली, बाबा इथेच आहेत, जेवतायत. मला वाटलं, गंमत करतेय. मग मागून खोकला ऐकू आला.

दोन आखूड. एक लांब.

रविवार, १०

लिहायलाच हवं. लिहिलं नाही तर वेड लागेल.

घरी गेलो. दार मामांनी उघडलं. अंगात माझा राखाडी स्वेटर, हिने कोपराला रफू केलेला. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मागून ही आली आणि मला म्हणाली, आपण कोण? आपण! बारा वर्षं संसार केलेली माझी बायको. लेक मामांचं बोट धरून त्यांच्या पायामागे लपली होती. मी तिला हाक मारली, तर रडायला लागली.

मामा तिला बाबासारखं थोपटून मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. तिथे हात जोडले. मग सगळं सांगून टाकलं. त्यांनाही त्या स्टुलावर त्यांच्या साडूने बसवलं होतं. तिथे बसलो म्हटलं की घरातली आपली जागा रिकामी होते, आणि सुटलेला माणूस तिथे येऊन बसतो. घरच्यांना काही वेगळं वाटत नाही. मामींच्या घरात आता साडू नांदतो. मग मामांना कुणाचं तरी घर हवंच होतं. ते म्हणाले, तुझं घर मला नेहमी आवडायचं रे.

मी गळपट्टी धरली. ही खिडकीतून ओरडली, आमच्या ह्यांना सोडा म्हणून.

आमच्या ह्यांना. ज्याने हाताला धरून काम शिकवलं, ज्याने तिला माझ्यासाठी पाहिलं, त्यानेच केसाने गळा कापला. आणि माझ्या घरात माझी उणीव कुणालाही भासली नाही. एका आठवड्यात.

मंगळवार, १२

काल कामावर न जाता निघून गेलो. दिसेल त्या बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो, डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर बाटल्या सरकत होत्या.

म्हातारबुवा आज पहिल्यांदा बोलले, पडद्याकडे बघतच. या रांगेतल्या प्रत्येकाला त्याच्याच माणसाने बसवलंय म्हणाले. अनोळखी माणूस आधी चार प्रश्न विचारतो, मागे वळून बघतो. असा डोळे झाकून बसतो तो फक्त आपला माणूस.

त्यांना कुणी बसवलं, विचारलं. मुलाने, म्हणाले. त्यांना आता कुणाला बोलवायचं नाही.

गुरुवार, १४

बाटलीत सगळ्यांचं प्रतिबिंब पडतं. म्हातारबुवांचं अगदी पुसट. माझं —

रफूचा दोरा कुठल्या रंगाचा होता? परवापर्यंत आठवत होतं.

शुक्रवार, १५

धाकट्या भावाचा फोन. दादा म्हणाला! तो वेगळा राहतो, त्याला मी अजून आठवतो. दादा, दादा — मी रडलो, त्याला वाटलं खोकतोय.

त्याचीही नोकरी आमच्याबरोबरच गेलेली. बाळ लहान. दादा, तिथे काही जमेल का? नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मग तो म्हणाला, तूच आहेस रे पाठीशी.

मी ये म्हणालो.

शनिवार, १६

उचल ना फोन. येऊ नकोस. ही — नाही, ती माझी भावजय. त्याची बायको. त्याचं घर. मला नको ते घर.

दोन खोल्या आहेत. खिडकीत ऊन येतं. बाळ हसतं म्हणे आता.

नको.

सोमवार, १८

आला. नवा शर्ट घालून, हसत. माझ्यासाठी डबा आणलाय. वही मांडीवर आहे, न बघता लिहितोय. त्याला सांगणार आहे. मान वळवून, ओरडून सांगणार आहे की पळ —

मी सरकलो. आपोआपच.

दादा, दमलास, ऊठ की, म्हणतोय. टेकला.

माझा हात त्याच्या खांद्यावर. मी विचारलेलं नाही. विचारणार नाही. मी मामा नाही. मी त्याचा सख्खा —

कुणी विचारलं? आवाज माझाच —

त्याची नजर बाटल्यांवर. तोंड उघडतोय. नको रे, म्हणू नको, ब