पाठकोरा कागद

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. हो, वेळेवर जेवते. आणि आईला सांगा, विमान धुवायचं काम वैमानिकाचं नसतं. तुम्ही आगारात बस धुवायचात म्हणून तिला तसं वाटतं.

आता खरी बातमी. आमची छोटी कंपनी मोठ्या कंपनीत विलीन होतेय. सहा वर्षं मी त्यांच्याच रंगाचं, त्यांच्याच प्रवाशांनी भरलेलं विमान उडवतेय, पण पगार छोट्या कंपनीचा, म्हणजे त्यांच्या निम्मा. आता सगळ्यांना एकच पगार, म्हणून आम्ही नाचत होतो. काल यादी लागली आणि नाच थांबला. दोन्हीकडचे वैमानिक नोकरीच्या तारखेप्रमाणे एकाखाली एक लावलेत आणि मधोमध लाल रेघ मारलीय, सहा वर्षांपूर्वीच्या ३१ ऑगस्टला. रेघेच्या वरच्यांची नोकरी पक्की. खालच्यांना, धंदा जरा मंदावला की नारळ.

मी ११ ऑगस्टला प्रशिक्षणाच्या वर्गात बसले. करारात स्पष्ट लिहिलंय की नोकरी वर्गाच्या पहिल्या दिवसापासून धरायची. पण कंपनी म्हणते, पुरावा आणा, नाहीतर पहिल्या उड्डाणापासून धरू. ते नोव्हेंबरात झालं. शिकवणारी संस्था केव्हाच बंद पडली, हजेरीपटाचा पत्ता नाही, आणि नेमणुकीची पत्रं आम्हाला पास झाल्यावर मिळालेली. त्या वर्गातले आम्ही अकरा जण कपाळाला हात लावून बसलोय. २८ तारखेला सुनावणी आहे.

आईला यातलं काही सांगू नका.

माया आहेच, ती तशीच असू द्या.
तुमची,
ठमी

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आईला कळलं. मी सांगितलं नाही, पण घरात माणसं दोन, आणि माझं तोंड तिला चाळीस वर्षं वाचता येतं.

तुला एक गोष्ट कधी नीट सांगितली नव्हती. मी खासगी मालकाची बस सोडून सरकारी आगारात आलो तेव्हा आठ वर्षांची नोकरी पुसली गेली. रस्ता तोच, बस तशीच, प्रवासीसुद्धा ओळखीचे. पण मालकानं कधी चिटोरं दिलं नव्हतं, मग दाखवू काय? माझ्या हाताखाली शिकलेली पोरं शेवटपर्यंत माझ्याआधी सकाळची पाळी निवडायची आणि उरलेलं माझ्या पदरात पडायचं. तेव्हापासून मी कागद फेकत नाही. दाराआड तारेला पत्रं टोचून ठेवतो म्हणून तुम्ही मायलेकी मला हसता. हसा.

तुझं पत्र वाचलं आणि ती तार खाली काढली. सहा वर्षांची पत्रं जमिनीवर पसरली. आई म्हणाली, आता चालायचं कुठून? ११ ऑगस्टचं पत्र सापडलं. आठवतं का? मी तुला चांगलं झापलं होतं, की बापाला पाठकोऱ्या कागदावर लिहितात होय? पोरगी वैमानिक व्हायला निघाली आणि हिला कोरा कागद मिळेना! रागाच्या भरात मी मागची बाजू कधी बघितलीच नाही. आज चष्मा लावून बघितली.

अगं, मागे तुमच्या वर्गाचं पहिल्या दिवसाचं वेळापत्रक आहे. तारीख, संस्थेचा शिक्का, अकराही नावं, आणि प्रत्येकापुढे ज्याची त्याची शाईनं सही! तारेचं भोक तुझ्या नावाला अगदी खेटून गेलंय, पण अक्षराला धक्का नाही. पाकीटही सोबत टाचलेलं होतं, पोस्टाच्या शिक्क्यासकट. आईनं आधी तीन झेरॉक्स काढायला लावल्या, मगच मला पोस्टात जाऊ दिलं. रजिस्टर केलंय.

घाबरू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
बाबा

दि. १ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! अकराच्या अकरा जण रेघेच्या वर!

सगळं सांगते. कंपनीचा अधिकारी आधी म्हणाला की असला कागद काय, कुणीही मागाहून छापून आणेल. आमच्या संघटनेच्या चिटणीसबाई उठल्या. त्यांनी कागद उलटा केला, पाकिटाचा शिक्का दाखवला आणि माझं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. बाबा, सगळं वाचलं हो! चहा पाणचट आहे, मास्तर नाकात बोलतात, दुकानं बंद म्हणून, सगळ्यांनी आठवणीसाठी सह्या केलेल्या वेळापत्रकाच्या मागे लिहितेय, आणि मला घरची आठवण येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, तेसुद्धा! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझे दहा सोबती खो खो हसत होते आणि डोळे पुसत होते.

निवाडा करणाऱ्या बाईंनी विचारलं की सहा वर्षं हे जपून कुणी ठेवलं. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी, ते बस चालवायचे. त्या म्हणाल्या की असं पत्र कुणी पुराव्यासाठी खोटं लिहीत नाही, आणि तिथल्या तिथे निकाल दिला. पगारसुद्धा ११ ऑगस्ट धरूनच ठरेल. पुढच्या महिन्यात मोठ्या विमानाचं प्रशिक्षण सुरू.

आता हा कागद उलटा करा. नवी यादी आहे. माझा ८१७ नंबर बघा, आणि रेघ कितीतरी खाली आहे तीही बघा. यावेळी मुद्दामच पाठकोऱ्यावर लिहिलंय, झापा हवं तर!

तुमच्या तारेला शंभर नमस्कार.
ठमी

दि. ७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझी यादी घेऊन आगारात जाऊन आलो. सगळ्या ड्रायव्हरांनी ८१७ वर बोट ठेवून बघितलं. कागद मळला थोडा. आई माझ्यावर चिडलीय, पण सकाळपासून तीही शेजारणींना तेच दाखवत होती.

आठ वर्षं गेली ती गेली, असं मी आजवर म्हणत आलो. परवा तुझा नंबर बघितला आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. माझी आठही वर्षं परत मिळाल्यासारखी वाटली. नळ सोडायला उठलो नाही.

तुझं हे पत्र तारेला टोचायचा धीर होईना, म्हणून चौकट करायला दिलं. कारागिरानं विचारलं की कुठली बाजू बाहेर ठेवू. मी म्हटलं, पोरीच्या अक्षराची. यादी राहू दे भिंतीकडे तोंड करून. ती आता कुणाला दाखवावी लागणार नाही.

सुखरूप उड, आणि लिहीत राहा.
बाबा