अकोंकाग्वाचा धूर

१४ मार्च

दादा,

सात महिने लिहिलं नाही, माफ कर. तुझा पत्ताच माहीत नाही, तेव्हा हेही वहीतच राहील.

पर्वतांवरून येणारी तुझी पोस्टकार्डं तीन वर्षांपूर्वी थांबली. आई रोज विचारायची, म्हणून तुझ्या अक्षरात मीच लिहू लागले. तिच्यासाठी की माझी सुटका व्हावी म्हणून, ते अजून ठरत नाही. आधी फुजी, मग एल्ब्रुस. मागच्या आठवड्यात अकोंकाग्वा: "शिखरातून अजून धूर निघतो." आईनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवलाय, हे मी विसरले.

आज तिला न्हाऊ घालून केस विंचरत होते, तेव्हा तिनं उशीखालून ते कार्ड काढून दिलं. त्यावर लाल पेन्सिलीनं शेरा: "अकोंकाग्वा ज्वालामुखी नाही. दहापैकी सहा."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या कार्डापासून. नक्कल करावी तर अकलेनं. दादानं ही चूक केली नसती."

खोटं पकडलं गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. इथंही पहिला नंबर तुझाच आला, याचं वाटलं.

वेणी घालून झाल्यावर म्हणाली, "पुढचं किलिमांजारोवरून येऊ दे."

तुझी,
धाकटी

उद्या: किलिमांजारोची उंची नीट तपासून घेणे.