एकच गळा राहिलाय

ता. ९, गुरुवार, दुपार

प्रिय काजे,

भावाकडे आता रुळली असशील असं धरून चालते. आमच्याकडे ठीक. ह्यांचा गुडघा दुखतो आणि दुखतोय हे ते दर तासाला सांगतात. माझ्या मशीनचा पट्टा तुटला होता, तो काल बदलला. तुझी वहिनी म्हणाली, काजीचा मोबाईल सध्या काढून ठेवलाय, पत्र पाठवा. म्हणून कागद घेतला. मी चौथी शिकलेली बाई, ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस.

वहिनीनेच सांगितलं की तू परवा तिच्या मुलीच्या फ्रॉकला बटणांची सहा काजं केलीस. बरं वाटलं. तुझ्यासारखं काज अजून कुणाला जमत नाही. शिवणाच्या क्लासात बाई सगळ्यांना तुझंच दाखवायच्या, आणि मी जळायचे. काजी हे नाव मी जळूनच ठेवलं होतं, लाडाने नाही. आता सांगून टाकते.

आपला मोबाईलवरचा शिवणाचा गट चालू आहे. चौदा हजार बायका झाल्या. पण ज्या ॲपवर गट आहे त्या कंपनीने काय करून ठेवलंय ते तू जाण्याआधी पाहिलंसच. पूर्वी वाईटसाईट मजकूर तपासायला त्यांची पगारी माणसं होती. ती काढून टाकली. आता यंत्र मजकूर अडवतं आणि निकाल आम्ही गट सांभाळणाऱ्या, फुकट राबणाऱ्या बायकांनी द्यायचा, तोही दिवसाच्या आत. नाही दिला तर गट बंद. अडवलेल्या मजकुराखाली तीन बटणं: ठीक आहे, काढून टाका, व्यक्ती धोक्यात आहे. तिसरं दाबलं की मदतीची माणसं त्या बाईला लगेच फोन करतात.

आता शिवणाऱ्या बायकांच्या गटात यंत्राचं काय व्हावं? "आज सकाळपासून चार गळे कापले." अडवलं. "छातीत दोन टक्स मारले, तरी झोळ जात नाही." अडवलं. "बाहीचा मुंढा जास्त कापला गेला, आता काय करू?" अडवलं, शिवाय खाली लाल अक्षरात, ही व्यक्ती हिंसक आहे का? गटातली ती पिकोवाली तर मला म्हणाली, "मास्तरीणबाई, एक दिवस पोलीस येणार आणि आपल्या सगळ्यांच्या कात्र्या घेऊन जाणार." हसून हसून पोट दुखलं. पण रोज असे ऐंशी-नव्वद मजकूर यायचे. मी भाजी निवडता निवडता दाबत सुटायचे. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे.

तुझं झालं त्यानंतर गटावर आग पेटली. यंत्राने काजीचा मजकूर तसाच जाऊ दिला, कंपनीच्या नव्या नियमाने आपली बाई जात होती, असं जो तो लिहायला लागला. मीही लिहिलं. यंत्राला माणसाचं दुःख काय कळणार, असं ठणकावून लिहिलं. साडेचार हजार बायकांनी त्याला बदाम दिले. कंपनीला तक्रारही मीच केली.

कंपनीचं उत्तर आलं. फक्त माझ्या नावाने, दोन ओळींचं. तुझा मजकूर सकाळी अकरा दहाला यंत्राने अडवला. त्यावर त्याने स्वतःच शेरा मारला होता, व्यक्ती धोक्यात असू शकते. अकरा बाराला तो सोडला गेला. सोडणारी, मास्तरीण.

यंत्राला कळलं होतं, काजे.

आता मी म्हणू शकते की घाईत दाबलं, वाचलंच नाही. पिकोवालीला तसंच सांगितलं. ते खोटं आहे. मी वाचलं होतं. तू लिहिलं होतंस, "सगळ्यांचे गळे कापून झाले. आता एकच राहिलाय. तेवढा झाला की मशीन झाकून ठेवीन." मी नाव बघितलं. दोनदा वाचलं. मजकुरासोबत कापडाचा फोटो नव्हता. कापडाच्या फोटोशिवाय काही टाकायचं नाही, हा नियम मीच केलेला, आणि तू तो कधी मोडला नव्हतास. हे सगळं मला दिसलं. आणि मी मनात काय म्हणाले तेही लिहिते. मी म्हणाले, झालं हिचं परत सुरू.

कारण त्याआधी महिनाभर तू तुझा नवरा वारल्याचं लिहीत होतीस. घर खायला उठतं म्हणून. तो मजकूर मी काढला. वर सगळ्यांदेखत लिहिलं, "इथे फक्त शिवणाचं बोलायचं, रडगाणं घरी." तू उत्तरात एवढंच लिहिलंस, "बरं मास्तरीणबाई." क्लासात एका बाकावर बसलेली तू, मला बाई म्हणालीस. तेव्हाच कळायला हवं होतं.

मग तुला जे सांगायचं होतं ते तू शिवणाच्या भाषेत सांगितलंस. नियम पाळून सांगितलंस. आणि मी ठीक आहे दाबलं आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

तुझी शेजारीण शिवायला टाकलेले कपडे न्यायला एक दिवस आधीच आली म्हणून तू आज आहेस. गिऱ्हाइकांच्या घाईवर मी जन्मभर तोंडसुख घेतलंय. तिला उतावळी म्हणायची माझी टाप नाही.

फोटोचा नियम मी काल काढून टाकला. आता एकेक मजकूर वाचते, भाजी बाजूला ठेवून. खरं काय झालं ते गटावर लिहिणार आहे. पिकोवाली म्हणते, "कशाला उकरता? कुणाला कळतंय?" मला कळतंय ना. तुझं नाव घालणार नाही, माझं घालीन. पण आधी तुला कळावं, त्यांना मागाहून, म्हणून हे पत्र पोचेपर्यंत थांबले आहे. मग मला मास्तरीण ठेवायचं की हाकलायचं ते त्या ठरवतील.

माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुलाच काम लागतं. तुला राग आला तर राग लिही. काही नसेल लिहायचं तर कोरा कागद पाठव, मी तोही वाचीन. आणि रडगाणं असेल तर कितीही पानं लिही. कापड नको, माप नको, फोटो नको.

जेवत जा. वहिनीला वाईट बोलू नकोस, ती चांगली आहे.

वाचूनही न वाचलेली,
तुझ्या बाकावरची